लेट उशीर, पाणी आलं

ऑक्टोबर लागला की मला एका जागी बसवत नाही. उन्हानं असं होतं म्हणावं, तर ऊन मे महिन्यातही असतं, आणि मेमध्ये मी कूलरपुढं पाय पसरून छान झोपते. हे ऑक्टोबरचंच काहीतरी आहे. ऑफिस सुटल्यावर क्रांती चौकातून स्कूटी काढते तर रस्त्याच्या कडेला सीताफळाच्या पाट्या मांडलेल्या असतात. दौलताबादेकडून आलेली सीताफळं, डोळे उघडलेली, काही दाबून दाबून काळी पडलेली. तो वास नाकात गेला की माझ्या उजव्या हाताची बोटं आपोआप हलायला लागतात. उघड, मीट. उघड, मीट. हातात कात्री नसतानाही. सिग्नलवर शेजारचा माणूस बघतो. घरी नवरा म्हणतो, "सुरू झालं का तुझं?"

झालं म्हणजे काय, डोक्यातही सुरू होतं. ऑफिसात साहेब म्हणाले, "गाडी लेट आहे, पार्टीला मेल टाका," की मेल टाकायच्या आधी माझ्या डोक्यात डेट येते, फेट येते, गेट येतं, सगळी वरात येते. मी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसते. पुण्या-मुंबईच्या पार्ट्यांना इंग्रजीतून मेल लिहिते, फोनवर इंग्रजी बोलते, आणि चुकले तर चुकले म्हणून पुढं जाते. आमच्या खानदानातली पहिली पदवी माझी आहे. हे मी लग्नाच्या पंगतीतही सांगते, कुणी विचारलं नसलं तरी.

यंदा त्यात आर्वीची भर पडलीय. आर्वी माझी पोरगी, दुसरीत आहे, इंग्रजी शाळेत. तिची सहामाही परीक्षा तोंडावर आलीय आणि तोंडी परीक्षेला रायमिंग वर्ड्स आहेत. पुंडलिकनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत ती चक्कर मारत असते. कॅट, बॅट, हॅट, मॅट. आवाज असा गोड आणि उच्चार असा स्वच्छ, की मला आधी अभिमान वाटतो आणि लगेच मागून चिडचिड होते.

"मॅट म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"रायमिंग वर्ड."

"अगं पण म्हणजे काय?"

"म्हणजे कॅटचा रायमिंग वर्ड, मम्मा." आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच दुसरीत आहे. पुढं म्हणाली, "झॅट पण चालतो. टीचर म्हणाल्या, साउंड जुळला की झालं."

पलंगावरून माझी आई बोलली, "अर्थ नाय तर शब्द कशाचा? रिकामा डबा वाजवल्यावानी."

आईचे गुडघे गेलेत. दोन वर्षांपासून ती आमच्याकडंच असते. कान मात्र शाबूत आहेत, आणि इंग्रजी शब्द हा तिचा खास प्रांत आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. मी तिला गप्प केलं. शाळेच्या ग्रुपवर मेसेज आलाय, की मुलांना शब्दांचे अर्थ मराठीतून सांगू नका, मुलं गोंधळतात. मी शाळेला घाबरते. पदवी आहे, पगार आहे, तरी घाबरते.

"बरं, नाय सांगत," आई म्हणाली. मग भिंतीकडं बघत, "आपाकडं कधी न्यायलीस?"

"आर्वीची परीक्षा होऊ दे."

आपा म्हणजे शाहीनआपा, आमच्या जुन्या शेजारीण. हे उत्तर मी गणपतीतही दिलं होतं. तेव्हा परीक्षेच्या जागी दुसरं काहीतरी होतं.

सरळ सांगते. मी दहावीला इंग्रजीत नापास झाले होते. मार्चमध्ये. बाकी सगळ्या विषयांत बरी होते, गणितात तर चांगली होते, आणि इंग्रजीनं पाय मागं ओढला. हे लपवायचं कशाला? आमच्या बजाजनगरच्या खोल्यांच्या ओळीत निम्मी पोरं इंग्रजीतच अडकायची. पत्र्याच्या शेडमधली शाळा, इंग्रजीचे सर धडा वाचायचे, लगेच मराठीत सांगायचे. गोष्ट कळायची, रडू पण यायचं एखाद्या गोष्टीला, फक्त इंग्रजी तेवढं राहून जायचं.

जूनमध्ये माझ्या वर्गातल्या पोरी पाठीला सॅक लावून अकरावीला जायला लागल्या. मी त्यांच्या वेळेला दाराच्या आत बसायचे. पावसाळा असा दाराच्या आत बसूनच काढला. अण्णा, माझे वडील, वाळूजच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं होते. ते फार बोलायचे नाहीत. जेवता जेवता एकदा म्हणाले, "ऑक्टोबरात निघाली तर जूनपासून कॉलेज. नाय निघाली तर पॅकिंगला लावतो. ठेकेदाराशी बोलून ठेवलंय." रागानं म्हणाले नाहीत. भाजीत मीठ कमी आहे, तसं म्हणाले. त्यामुळं जास्त भीती वाटली. पॅकिंगला गेलेल्या पोरी मी बघत होते. वाईट काहीच नव्हतं त्यांचं, नवीन ड्रेस घालायच्या, हसायच्या. पण एकदा गेलेली परत वर्गात बसलेली एकही नव्हती.

तर ऑक्टोबरात निघायचं होतं. आणि अभ्यासाला हात मोकळे नव्हते.

आमच्या घरी तेव्हा रबराचं काम होतं. साच्यातून निघालेल्या रबरी रिंगा पोत्यांनी यायच्या. रिंगेच्या कडेला पातळ कातडीसारखं रबर राहिलेलं असायचं, ते बारक्या कात्रीनं गोल कापून काढायचं. टेम्पो पोतं टाकून जायचा आणि ठरल्या दिवशी न्यायला यायचा. टेम्पोला परीक्षा वगैरे कळत नव्हती. आई कापायची, मी कापायचे, आणि शेजारच्या खोलीतल्या शाहीनआपा आपलं पोतं घेऊन आमच्याच दारात येऊन बसायच्या, कारण आमच्या दारात दुपारी सावली यायची आणि एकटीनं कापलं की झोप यायची. आपा आईपेक्षा चांगल्या मोठ्या. त्यांचे मियाँ रिक्षा चालवायचे. आई त्यांना आपा म्हणायची, मीही आपाच म्हणायचे, सगळी ओळच म्हणायची.

मी गाईड मांडीवर उघडं ठेवायचे आणि कापता कापता वाचायचे. गाईडच्या शेवटी यमक जुळणारे शब्द आणि त्यांचे अर्थ दिलेले होते. कवितेच्या प्रश्नात ते हमखास यायचे. मी वाचत होते, नाईट रात्र, लाईट उजेड, फाईट भांडण. रबर कापल्यासारखं, एकेक तुकडा खाली टाकत.

आई म्हणाली, "हे काय गं दगडावर दगड टाकल्यावानी? जरा चालीवर म्हण की."

"इंग्रजी आहे ते."

"मग इंग्रजीला चाल नसती का?" आणि तिनं स्वतःच म्हणून दाखवलं. जात्यावरच्या ओवीची चाल, शेवटचं अक्षर लांबवून, हेल काढून. "नाईट गं रात्रऽ, लाईट गं उजेडऽ." कात्री त्याच ठेक्यात. एका शब्दाला एक रिंग. शब्दाला कात्री उघडायची, अर्थाला मिटायची.

आपा ऐकत होत्या. त्या वर्षी रोजे आणि नवरात्र मागंपुढंच आले होते. आपांचा रोजा होता, ओठ सुकलेले, डोकं ओढणीनं घट्ट बांधलेलं. मध्येच कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "अगे भाभी, ये तो काफिया है!"

"काय है?"

"काफिया. लाईट, नाईट, फाईट. हमारे अब्बा मुशायरे में लेके जाते थे मेरेकू, कंधे पे बिठाके. घर में बैतबाजी होती थी, शेर पे शेर. काफिया क्या होता मेरेकू नक्को सिखाव." त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. उर्दू सातवी शिकलेल्या. पण शेवटचा आवाज जुळला की त्यांची मान आपोआप हलायची. "मगर काफिया अकेला क्या करेगा गे? बारात के बगैर नौशा? उसकू मिसरा होना. पूरी लाईन होना."

"आधी नवरा तर सापडू द्या आपा," आई म्हणाली, "वरातीचं मग बघू."

दोघी एवढ्या हसल्या, की ओळीतल्या दोन बायका काय झालं म्हणून बघायला आल्या.

तेव्हापासून ते रोजचं झालं. मी वाचायचे, आई चाल लावायची, आपा ओळ मागायच्या. अर्थावर भांडणं व्हायची. गाईडमध्ये हेटचा अर्थ द्वेष दिलेला. आई म्हणाली, "म्हंजी नीट काय?" मी म्हटलं, एखादा माणूस डोळ्यासमोर नको वाटतो ते. आई म्हणाली, "मग सरळ सांग की, तुझी चुलती." झालं, हेट म्हणजे चुलती. पुढं चुलती खरोखर गावाहून आली तेव्हा आई तिला पाणी देऊन आत आली आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "हेट आलीय." फेटवर आई नशीब म्हणायची, आपा मुकद्दर. मग दोघी मिळून ठरवायच्या की एकच आहे, फक्त मुकद्दर जरा जड असतं.

आईचं एक पक्कं मत होतं. ज्यांचा आवाज एक, ते शब्द भावकीतले. आईट घराणं, ऑल घराणं, एट घराणं. भावकी म्हटल्यावर एकमेकांशी काहीतरी संबंध असणारच. लाईट आणि नाईट आणि फाईट? "सोपं हाय. रात्री लाईट गेली की भांडण व्हतं." मी सांगायचे, आई, तसं नसतं, योगायोग असतो तो. ती म्हणायची, "भावकीत योगायोग नसतो." कॉलेजात गेल्यावर मला कळलं, की आवाज जुळणं आणि नातं असणं याचा काही संबंध नाही. कळलं, पण खरं सांगू का, अजून पटलेलं नाही.

आता त्या पाण्याचं. आमच्या ओळीला मिळून एक नळ. पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, आणि आलं की किती वेळ राहील याचाही नाही. एकदा आम्ही एट घराणं घेतलं होतं. डेट तारीख, फेट नशीब, गेट फाटक, हेट चुलती, लेट उशीर... आणि बाहेरून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलंऽ!" कात्र्या पडल्या, रिंगा सांडल्या, तिघी हंडे घेऊन पळालो. पुढच्या पाण्यालाही नेमकं तसंच झालं. लेट उशीर म्हटलं आणि आरोळी आली. आपा हंडा उचलता उचलता म्हणाल्या, "इसकू पक्का करो गे! लेट उशीर, पाणी आलं!"

ते पक्कं झालं. पाणी येवो न येवो, लेट उशीर म्हटलं की तिघी एका सुरात "पाणी आलं" म्हणायचो, हसायचो, आणि कुणीतरी उठून पाय मोकळे करायचं. पुढं मेट होता, रेट होता, वेट होता. गाईडमधून एकदा वाचून दाखवले होते तेवढेच, चालीवर तिथपर्यंत जायचं राहूनच जायचं. माझ्या लक्षातही आलं नाही की आमचं एट घराणं अर्ध्यातच संपतंय.

आणि एक झालं होतं, तेही लक्षात आलं नव्हतं. शब्द मला सुटा येईनासा झाला होता. पाढ्यातलं कसं, सात अठ्ठे विचारलं की सात एके पासून निघावं लागतं, तसं. हेट म्हणजे काय, तर डेटपासून निघायचं, कात्री चालवत यायचं, तेव्हा हेट सापडणार. घरी चालून जायचं. परीक्षेत कसं चालणार याचा विचार आईनं केला नाही, आपांनी केला नाही, मी तर नाहीच.

आईनं घट बसवला होता. परडीतल्या मातीत धान पेरलेलं. सकाळी पाणी शिंपडताना ती आरती पुटपुटायची तसं पुटपुटत होती. मी जवळ जाऊन ऐकलं तर, "डेट गं तारीखऽ, फेट गं नशीबऽ." मी म्हटलं, "आई, देवीला काय वाटेल?" ती म्हणाली, "देवीला सगळ्या भाषा येत्यात. तुला एक यायला पायजे."

गल्लीतल्या बायका कर्णपुऱ्याच्या जत्रेला निघालेल्या, आणि मी पेपरला.

ऑक्टोबरच्या पेपरला वर्ग वेगळाच दिसतो. मिशा फुटलेली पोरं, एक मंगळसूत्रवाली, कंपनीचा शर्ट घालून आलेला एकजण. सगळे एकमेकांकडं न बघता बसलेले. पंखा फिरत होता पण वारा भिंतीला लागत होता. पेपर बघितला, कवितेचा प्रश्न झाला, व्याकरण झालं तसं झालं, आणि पत्र आलं. मैत्रिणीला दिवाळीच्या सुट्टीत घरी बोलवा. हे मला येत होतं. म्हणजे गाईडमधलं येत होतं, पहिल्या ओळी उतरवल्या, आणि पुढं पाठांतर संपलं. आता लिहायचं होतं, की मी तुझी वाट बघीन. वाट बघणे. कोणता शब्द तो? एट घराण्यातला आहे एवढं नक्की आठवत होतं. मग निघाले डेटपासून.

डेट तारीख, फेट नशीब, गेट फाटक, हेट चुलती, लेट उशीर, पाणी आलं.

परत. डेट तारीख. फेट. गेट. हेट. लेट उशीर, पाणी आलं.

त्याच्या पुढं काहीच नाही. नुसती भिंत. मी परत परत जाऊन तिथंच धडकत होते, आणि बहुतेक आवाज मोठा झाला असावा.

"ए मुली." जाड भिंगाच्या चष्म्याचे सुपरवायझर सर शेजारी येऊन उभे होते. "काय मंत्र म्हणायलीस का?"

"नाय सर. शब्द यायलाय."

"कुठून यायलाय?"

"लाईनीतून."

मागची पोरं फसकन हसली. सरांनी माझ्या हाताकडं बघितलं. उजवा हात बाकावर, बोटं उघडमीट, उघडमीट.

"हातात काय आहे?"

"काय नाय सर. सवय आहे."

त्यांनी तळहात उलटा करून बघितला, बाकाखाली बघितलं, पेपर झटकून बघितला. काही सापडेना. माझ्या डोळ्यांसमोर पॅकिंगची लाईन, निळे अ‍ॅप्रन, सगळं दिसायला लागलं. आता हे मला बाहेर काढणार. पण सर म्हणाले, "ऊठ. तुझी लाईन माझ्यासमोर येऊन लाव. पोरांना त्रास नको." आणि त्यांच्या टेबलाला लागून असलेल्या रिकाम्या बाकावर मला बसवलं. हळू आवाजात म्हणाले, "ओठ मिटून म्हण. हात चालला तरी चालेल."

त्या बाकावर बसून मी डोळे मिटले आणि डेटपासून निघालेच नाही. पाणी आलं, तिथूनच निघाले. पाणी आलं म्हणजे काय व्हायचं? पळायचो. हंडा, कळशी, आपांची ती चेपलेली बादली. रांग लागायची. आणि रांगेत एक बाई होती, आमच्या ओळीच्या टोकाची, ती दर वेळी मागून यायची आणि पुढं घुसायची. एक दिवस आईनं तिची कळशी उचलून मागं ठेवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लेट आलीस ना? मग वेट कर!"

आख्खी रांग वळून बघायला लागली होती. आईला स्वतःलाच कळलं नव्हतं की काय बोलून गेली. आपांच्या हातातली बादली सांडली. "वाह भाभी! वाह! मिसरा हो गया!"

वेट. वेट!

मी ते गाईडमध्ये वाचलं होतं, पण तिथं नव्हतं सापडत. ते नळावर होतं. मी लिहिलं, भराभर लिहिलं, कात्री चालावी तसं. मैत्रिणीला लिहिलं, डू नॉट कम लेट. आय विल वेट अ‍ॅट द गेट. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. गाईडमध्ये असं वाक्य नव्हतं, सरांनी सांगितलेलं नव्हतं, कुणीच सांगितलेलं नव्हतं. ते वाक्य माझं होतं. आमच्या खोलीला गेट नव्हतं हा भाग वेगळा.

संध्याकाळी दारात बसून वाचून दाखवलं. आईनं अर्थ विचारला, मी सांगितला, उशिरा येऊ नको, मी फाटकापाशी वाट बघीन. आपांचा रोजा सुटायला थोडाच वेळ होता, खजूर हातात होता. त्या म्हणाल्या, "फिर से बोल." मी म्हटलं. "फिर से." परत म्हटलं. खजूर तसाच हातात. "अगे ये तो शेर हो गया, रेखा. पूरा शेर. अब पास हो या फेल हो, शायर तो हो गई तू."

"आपा, शायर बियर नक्को," आई म्हणाली, "पास होना."

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते मला विचारू नका. वेट हा शब्द लिहिला खरा, पण करायला मला तेव्हा आला नाही आणि आजही येत नाही. दसरा गेला. आईनं घटातले पिवळे पडलेले कोंब काढून टाकले आणि हिरवे तेवढे माझ्या वेणीत खोवले. शीरखुर्मा झाला, दिवाळी झाली. ठेकेदार दोनदा घरी येऊन चहा पिऊन गेला. मी रिंगा कापत होते, चुकीच्या कापत होते, आई गुपचूप माझ्या ढिगातल्या बिघडलेल्या बाजूला करत होती. एकही शब्द म्हणायची हिंमत होत नव्हती. तिघी बसून कापायचो, नुसत्या कात्र्यांचा आवाज.

निकाल लागला तेव्हा अण्णा पहिल्या पाळीवरून नुकते आले होते. दारात उभे, बूट हातात.

"निघाली का?"

"निघाले. काठावर."

"काठावर म्हंजी आत का बाहेर?"

"आत."

त्यांनी बूट खाली ठेवले, हातपाय धुतले, टॉवेलनं बराच वेळ तोंड पुसत राहिले. मग परत बूट घातले आणि टपरीवर गेले. तिथं ठेकेदार बसलेला असायचा. मागून शेजारच्या पोरानं येऊन सांगितलं, की अण्णा साऱ्या टपरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमची पोरगी नाय यायची पॅकिंगला. कॉलेजात चाललीय." जून यायला अजून अर्धं वर्ष होतं.

मला कधी कधी वाटतं, तपासणाऱ्या बाईंनी किंवा सरांनी ते पत्र वाचून काय केलं असेल? हसले असतील. शेजारच्याला दाखवलं असेल. एखादा मार्क त्यावरच पडला असेल, नसेलही. ज्या एका मार्कावर माझं सगळं उभं आहे, तो कोणत्या वाक्याचा हे कुणी सांगत नाही. मग माणूस आपल्याला हवं ते धरून बसतो. मी ते वाक्य धरून बसलेय.

आर्वीला हे सांगायला जावं तर ती म्हणते, "मम्मा, तुझ्या वेळेला गूगल नव्हतं ना." नव्हतं. तिच्याकडं आवाज आहे, स्वच्छ, गोल. माझ्याकडं अर्थ होते, आवाज गावठी होता. आजही फोनवर पुण्याची एखादी पोरगी माझा उच्चार परत म्हणून दाखवते, मुद्दाम. म्हणू दे. पण आर्वी "फेट" म्हणते आणि तिच्या तोंडावर काहीच हलत नाही, तेव्हा मला घरातल्या घरात चार चकरा माराव्या लागतात. एवढी फी भरून मी हिच्यासाठी काय विकत घेतलं, ते मला नीट सांगता येत नाही. वाईट घेतलं असंही म्हणवत नाही.

आज रविवार. दुपारचं ऊन गॅलरीतून आत आलेलं, ताटात सीताफळाच्या बिया. आर्वी समोर बसलेली, मी तिची तोंडी घेत होते. ती एट घराण्यावर आली. घराणं हा शब्द माझा, तिच्यासाठी ती वर्ड फॅमिली.

"डेट, फेट, गेट, हेट, लेट..." ती श्वास घ्यायला थांबली.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, चालीवर, हेल काढून, "लेट गं उशीर, पाणी आलंऽ!"

पलंग करकरला. आई उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, भिंत धरत, जितक्या लवकर जाता येईल तितक्या लवकर मोरीकडं गेली. बादलीचा आवाज, नळ फिरवल्याचा आवाज. मग काहीच नाही.

"आई, आज पाण्याचा वार नाही," मी मागं जाऊन म्हटलं.

ती कोरड्या नळाखाली बादली धरून उभी होती. "मग वरडलीस कशाला?" म्हणाली, आणि मग तिला कळलं. तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी पण हसले. आर्वी दारात येऊन आमच्या दोघींकडं बघत उभी राहिली.

"पाणी आलं हा रायमिंग वर्ड नाहीये," ती म्हणाली.

"नाय," आई म्हणाली. "पुढं काय हाय तुझ्या कागदात? लेटच्या पुढं?"

"मेट."

"मेट म्हंजी?"

आर्वीनं माझ्याकडं बघितलं. मेसेज तिलाही माहीत आहे. या वेळी मी आईला अडवलं नाही.

"मेट म्हंजी आपा," आईनं तिला सांगितलं. मग माझ्याकडं वळून, "लाव गं फोन."

शाहीनआपा आता किराडपुऱ्यात लेकीकडं असतात. श्रावणापासून आजारी आहेत, दम लागतो. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला. लेकीनं त्यांच्या कानाशी धरला असावा, आधी नुसता श्वास ऐकू आला.

"आपा, मी रेखा. आई बोलायलीय. आर्वीची परीक्षा झाली की लगेच येतो बघा आम्ही. दिवाळीच्या सुट्टीत, नक्की."

पलीकडं खोकला. बराच वेळ. मग तोच आवाज, बारीक झालेला, पण काफिया आला की हलणारी मान मला दिसली.

"रेखा... डू नॉट कम लेट."

आईनं बादली खाली ठेवली. फोन अजून चालू होता, आपा पुढची ओळ म्हणायला श्वास गोळा करत होत्या. मी आर्वीला म्हटलं, "चप्पल घाल."

"पण मम्मा, रायमिंग वर्ड्स?"

"रस्त्यात म्हण. अर्थ आज्जीला विचार."